कुलूप, कॅमेरा आणि वेळेवर सांगणे



मे महिना लागला की आपल्यातील बरीच कुटुंबे पुणे, नांदेड, लातूरकडे निघतात. दूधवाल्याला सांगितले जाते, पेपर बंद होतो, गॅसचा कॉक दोनदा तपासला जातो. पोलीस ठाण्यात मात्र कोणी सांगत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात ठाण्याची पायरीही आपणच जोडून घेतली. हैदराबाद पोलीस तर संक्रांतीच्या सुट्टीआधी उलट आवाहन करतात: बाहेरगावी जाताना आम्हाला कळवा, म्हणजे गस्तीवरचे पोलीस बंद घराकडे लक्ष ठेवतील.

गुन्हा घडल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो घडूच नये यासाठी आपल्या शहरात काय सोयी आहेत आणि त्यांत आपला वाटा काय, याची ही थोडक्यात माहिती.

कॅमेरे कुठून आले?

२५ ऑगस्ट २००७ ची संध्याकाळ जुन्या सभासदांना आठवत असेल. लुंबिनी पार्क आणि कोठीच्या गोकुळ चाटमध्ये स्फोट झाले, ४० हून अधिक माणसे गेली. सुलतान बाजारात खरेदी करून गोकुळ चाटला थांबणे हा आपल्या अनेक घरांचा नेम होता. २१ फेब्रुवारी २०१३ ला दिलसुखनगरमध्ये पुन्हा स्फोट झाले. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आला. जिथे एका वेळी १०० किंवा जास्त माणसे जमतात, अशा जागांनी सीसीटीव्ही बसवणे आणि चित्रण ३० दिवस जपणे बंधनकारक झाले. दुकाने आणि रुग्णालयांप्रमाणेच शाळा आणि प्रार्थनास्थळेही त्यात येतात. म्हणून गणेशोत्सवासाठी सभागृह ठरवताना भाड्याबरोबर कॅमेरे चालू आहेत का, हेही विचारावे.

पुढे पोलिसांनी ‘नेनु सैतम’ (म्हणजे ‘मीसुद्धा’) या नावाने वस्त्यांना आणि अपार्टमेंटना वर्गणीतून कॅमेरे बसवायला सांगितले. ऑगस्ट २०२२ मध्ये बंजारा हिल्सला मोठे कमांड कंट्रोल सेंटर उभे राहिले. याला दुसरी बाजूही आहे. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेमुळे खासगीपणावर घाला येतो, अशी याचिका तेलंगणा उच्च न्यायालयात दाखल झाली आहे. शिवाय कॅमेरा पाहतो, पण कोणी सांगितल्याशिवाय कुठे पाहायचे हे त्याला कळत नाही.

सांगायला उशीर नको

२४ ऑक्टोबर २०१४ ला हैदराबादेत शी टीम्स सुरू झाल्या. साध्या वेशातले पोलीस बसस्टॉप, कॉलेज, बाजार अशा ठिकाणी थांबतात आणि छेड काढणाऱ्याला पुराव्यासह पकडतात. किरकोळ आणि पहिल्या गुन्ह्यात अनेकदा मुलाच्या आईवडिलांना बोलावून समुपदेशन केले जाते. पाठलाग, घाणेरडे मेसेज हे ‘लहानसे’ प्रकार तिथेच थांबावेत, हा यामागचा हेतू. आपल्या मुलींना हे माहीत असते. पण घरी सांगितले तर क्लासच बंद होईल, या भीतीने त्या बोलत नाहीत. ही भीती घालवणे पोलिसांच्या हातात नाही, आईवडिलांच्या हातात आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. ती बेपत्ता झाल्याची तक्रार घ्यायला उशीर केला म्हणून तीन पोलीस निलंबित झाले. त्या रात्री हद्दीच्या वादात वेळ गेल्याची घरच्यांची तक्रार होती. तेव्हापासून ‘झिरो एफआयआर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. “आमच्याकडे येत नाही” असे उत्तर मिळाले तर नम्रपणे या कलमाची आठवण करून द्या.

फोनवरून येणारा चोर

आता चोर कुलूप न तोडताही घरात शिरतो. आमच्या अपार्टमेंटमधील एका निवृत्त काकांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडे गणवेशातला माणूस. “तुमच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. तुम्ही डिजिटल अटकेत आहात. कोणाला सांगू नका.” काका दोन तास दार लावून बसले. काकूंना शंका आली, त्यांनी शेजारच्या मुलाला हाक मारली आणि त्याने कॉल बंद केला. पैसे वाचले, पण पुढचे आठ दिवस काका कट्ट्यावर आले नाहीत. शरम वाटली. शरमेने गप्प बसलेला माणूस इतरांना सावध करू शकत नाही, आणि चोराला तेच हवे असते.

डिजिटल अटक असा प्रकार आपल्या कायद्यातच नाही. कोणतेही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत की ‘तपासणीसाठी’ पैसे मागत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. चोर काही तासांत पैसे अनेक खात्यांत फिरवतात, म्हणून “उद्या बँकेत जाऊन बघू” हे महागात पडते.

एवढे नक्की करू या

- गावाला जाताना पोलीस ठाण्याला आणि एका शेजाऱ्याला कळवा. प्रवासाचे फोटो परतल्यावर टाका.
- घरच्या फोनजवळ १०० किंवा ११२ (पोलीस) आणि १९३० (सायबर) हे क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.
- रात्री एकट्याने प्रवास करणाऱ्या महिलांसाठी मार्च २०२४ पासून ‘टी-सेफ’ ही प्रवासावर लक्ष ठेवणारी सेवा आहे. साध्या फोनवरूनही ती मिळते.
- एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना आठवड्यातून एकदा फोन करा. मुले अमेरिकेत असतील, पण आपण काचीगुड्यातच आहोत.

काका आता कट्ट्यावर परत येऊ लागले आहेत. परवा त्यांनी स्वतःच चौघांना तो किस्सा सांगितला. त्या चौघांपैकी कोणी आता त्या फोनला फसणार नाही.