कोहा शिकायचंय? पवईकडे बघा!

अंधेरी ते मुलुंड पट्ट्यातल्या ग्रंथपाल मंडळींनो, ही पोस्ट तुमच्यासाठी. आपल्या शेजारच्या पवईतल्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प माहीत आहे ना? त्यात कोहाचे धडे आहेत, आणि तेही फुकट!

कोहा ही न्यूझीलंडमध्ये तयार झालेली, २००० साली वापरात आलेली मुक्त ग्रंथालयप्रणाली. परवान्यासाठी दमडी लागत नाही. सर्व्हर आणि देखभालीचा खर्च मात्र धरून चाला. धडे छोटे आहेत. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर स्वतःचं कोहा, असं करत शिकायचं. नुसतं बघून काही हाती लागत नाही.

माझा लाडका धडा झेड ३९.५० वरून नोंदी आणण्याचा. आयएसबीएन टाकला की दुसऱ्या ग्रंथालयाची तयार मार्क नोंद आपल्याकडे येते. मराठी पुस्तकांसाठी मात्र डोळे उघडे ठेवा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या बऱ्याच नोंदींत शीर्षक रोमन लिपीत असतं. ते तसंच राहिलं, तर देवनागरीत शोधणाऱ्या वाचकाला पुस्तक सापडणारच नाही. म्हणून २४५ क्रमांकाच्या फील्डमध्ये शीर्षक देवनागरीत भरा, १०० मध्ये लेखकाचं नाव. कंटाळवाणं काम आहे, पण खरी ग्रंथपालकी इथेच दिसते.

वाचायला काय? रंगनाथनांची १९३१ची पंचसूत्री. परीक्षेपुरती पाठ केली असेल, तर आता मूळ पुस्तक वाचा. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथं सूत्र वर सांगितलेल्या २४५ लाही लागू आहे!