मागून बसलेली गाडी

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजात तासभर थांबा, एक वाक्य दोन-तीनदा तरी कानावर येतंच : "मिस्त्री, गाडी मागून बसतीय, जरा उचलून द्या." गावाला जायचं असतं. पाच माणसं, डिकीत बॅगा, बॅगांवर मखर, आणि पुढे ताम्हिणी घाट. मिस्त्री फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढतो. आत रबरासारखी दोन जाड कडी, एका बाजूला चिरलेली. चाक काढायचं, कड्याला साबणाचं पाणी लावायचं आणि मागच्या स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये ते ठोकून बसवायचं. अर्ध्या तासात गाडी दोन बोटं वर येते. आपल्याकडे सस्पेन्शनचं 'अपग्रेड' म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं, आणि मीही ते केलं होतं.

जाताना झकास वाटलं. सायलेन्सर कुठे घासला नाही, वळणावर गाडी पूर्वीसारखी झुकली नाही. परत आल्यावर मात्र गाडीत बहुतेक वेळा मी एकटा आणि डिकी रिकामी. पुलावरचा प्रत्येक जोड पाठीत कळायला लागला. गतिरोधक उतरला की मागची बाजू एकदा उडायची, पुन्हा उडायची, आणि मग नाइलाजाने थांबायची. मागे बसलेल्या आईने तिसऱ्या दिवशी निकाल दिला, "यापेक्षा एसटी बरी." एसटीच्या शेवटच्या बाकावर आयुष्य काढलेल्या बाईचं हे मत असल्याने मी ते गंभीरपणे घेतलं.

झालं होतं काय, ते समजायला स्प्रिंगकडे नीट बघावं लागतं. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली सळई. वरून दाब आला की ती दबल्यासारखी दिसते, पण आतलं पोलाद पिळलं जात असतं, ओल्या पंच्यासारखं. तीच सळई न गुंडाळता सरळ ठेवून पिळली की तिला टॉर्शन बार म्हणायचं. आपल्या अँबॅसॅडरच्या पुढच्या चाकांना तोच होता. या पिळण्याचं गणित फार तिखट आहे. स्प्रिंगचा कडकपणा सळईच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बारा मिलिमीटरच्या जागी तेरा मिलिमीटरची सळई घेतली, तर डोळ्यांना फरक दिसणारही नाही, पण स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. आणि वेढे जितके कमी, तितकी ती कडक. सहा कामाच्या वेढ्यांतला एक बाद झाला की २० टक्के गेले. माझ्या कड्यांनी नेमकं हेच केलं होतं : दोन वेढ्यांमधली हालचाल जवळजवळ बंद. गाडी खाली बसवण्यासाठी ग्राइंडरने स्प्रिंग कापणारी हौशी मुलंही तेच करतात. त्यांना वाटतं आपण उंची कापली. उंचीबरोबर त्यांनी कडकपणा वाढवलेला असतो आणि चाकाला वर जायला असलेली जागाही खाल्लेली असते. मग लहानशा खड्ड्यातही चाक रबरी बंप स्टॉपवर जाऊन आदळतं, आणि तिथून पुढे स्प्रिंग असून नसल्यासारखी.

पण नुसता कडकपणा वाढला म्हणून गाडी दोन-दोनदा उडत नाही. तिथे शॉकअप, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, येतो. या वस्तूच्या नावाने सगळ्यांचा घोळ करून ठेवला आहे. धक्का खाते ती स्प्रिंग. खाल्लेला धक्का ती परत करते, पुन्हा घेते, पुन्हा परत करते. शॉकअपचं काम फक्त तिला गप्प करायचं. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक वाटा आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. तेल त्या वाटांमधून रेटलं जातं आणि स्प्रिंगच्या उड्यांची उष्णता होते. लांबच्या खराब रस्त्यावरून आल्या आल्या नळकांड्याला हात लावला तर ती उष्णता कळते. दाबताना तो कमी अडवतो, ताणताना जास्त. खड्डा आला की चाकाला पटकन वर जाऊ द्यायचं आणि साठलेला जोर सावकाश सोडायचा, अशी ती योजना.

टांग्याला हे काही लागत नव्हतं. तिथे कमान होती, एकावर एक रचलेल्या पाट्यांची. गाडी हलली की पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच उड्या बऱ्याच मरतात. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या मागे कमानपाटेच होते आणि बोलेरोच्या मागे ते आजही आहेत. ओझ्याला ते खंबीर, पण बारीक धक्क्यांना तेच घासणं आडवं येतं : छोटा खडा आला तर पाटे सरकायलाच तयार नसतात, म्हणून रिकामा टेम्पो दगडी वाटतो. कॉइल स्प्रिंग अशी घासत नाही. ती मऊ चालते, आणि सगळी शिस्त शॉकअपवर सोडून देते. तो शॉकअप कंपनीने माझ्या मूळच्या नरम स्प्रिंगसाठी मोजून दिला होता. मी स्प्रिंग कडक केली, तो तसाच ठेवला. त्यात तो सत्तर हजार किलोमीटर चाललेला. स्प्रिंग तिथे कुणाचंच ऐकत नव्हती.

आराम मोजायला एक सोपा हिशेब आहे. गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंगला किती सेंटिमीटर दाबते ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, आणि पाचाला त्याने भागा. सेकंदाला साधारण किती हेलकावे, ते मिळतं. सोळा सेंटिमीटर दबली तर सव्वा, म्हणजे मिनिटाला ७५. शांत बसलेल्या माणसाच्या नाडीएवढे. आरामाच्या गाड्या याच आसपास ठेवतात. सहा सेंटिमीटरच दबली तर सेकंदाला दोन, आणि तिथे स्पोर्ट्स कारचा मुलूख सुरू होतो. माणसाचं धड उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ कंपनांना सगळ्यात जास्त वैतागतं, म्हणून तिकडे जाण्यात शहाणपणा नाही. पण अगदी मऊ करण्यातही नाही. अर्ध्याच्या खाली गेलात तर होडीत बसल्यासारखं मळमळतं.

लहान गाडीचं दुखणं असं की तिच्यात माणसं फार. नऊशे किलोची गाडी, त्यात माणसं आणि सामान मिळून चारशे किलो, आणि त्यातला मोठा वाटा मागच्या चाकांवर. रिकामी आणि भरलेली अशा दोन वेगळ्याच गाड्यांसाठी कंपनीला एकच स्प्रिंग निवडायची असते. दोन टनांच्या मोटारीला हा प्रश्न इतका छळत नाही. त्या मोटारीची चाल आपल्या गाडीला का येत नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचं आपसातलं नातंही असतं. ते नीट शोधलं मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने. रोल्स-रॉइसमधून तो अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एका गाडीवर वजनं इकडची तिकडे सरकवत चाल तपासली. त्याला दिसलं ते असं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने. पुढचा हेलकावा थोडा संथ आणि मागचा थोडा जलद ठेवला, तर मागची बाजू पुढचीला गाठते, आणि मान पुढे-मागे हलण्याऐवजी गाडी सपाट वरखाली होते. पोट वरखाली झालेलं माणूस सहन करतं, डोकं हललेलं करत नाही. फक्त पुढच्या स्प्रिंगा कडक करून घेणारे हे नातं उलटं करतात, आणि मग गाडी प्रत्येक उंचवट्याला नमस्कार घालते.

आता वळण. कडक सस्पेन्शनने गाडीची पकड वाढते, ही समजूत फार घट्ट बसली आहे. वळताना आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार, ते वेग, वळण, गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर ठरवतं; स्प्रिंगला तिथे फारसं कुणी विचारत नाही. स्प्रिंगा आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार ठरवतात ते दोनच गोष्टी : गाडी किती झुकणार, आणि त्या वजनातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा, किती मागच्या. जी जोडी कडक, तिचा वाटा जास्त, आणि तिची पकड आधी सुटते. कारण टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही. आपल्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या कंपनी मुद्दाम अशा ठेवते की आधी पुढची चाकं सुटावीत. गाडी वळणाबाहेर जायला लागते, माणूस घाबरून पाय काढतो, गाडी सावरते. मागची बाजू कडक केली की गाडी चटकन वळते, छान वाटतं. मात्र पावसात, घाटाच्या उतारावर, वळणातच पाय काढला तर मागचं चाक बाजूला निघतं. त्या दिवशी ताम्हिणीत मला जे 'झकास' वाटलं होतं, त्यात हे होतं. गाडी भरलेली होती आणि रस्ता कोरडा होता, म्हणून कळलं नाही.

हा तोल मोठमोठ्यांनाही चकवतो. १९९७ च्या ऑक्टोबरात स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक मूस जातीचं थोराड हरीण आडवं आल्यासारखं वळवताना मर्सिडीजची नवी कोरी ए-क्लास उलटली. कंपनीने काही महिने विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक गाडीत दिली.

गाडी खाली आणली की झुकणं कमीच होईल, हेही सरसकट खरं नाही. बहुतेक गाड्यांच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो; अर्ल मॅकफर्सनची ही रचना १९५० च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलमध्ये आली आणि स्वस्त, आटोपशीर म्हणून जगभर पसरली. तिच्यात खालचा दांडा, म्हणजे लोअर आर्म, साधारण आडवा असावा लागतो. गाडी चार सेंटिमीटर खाली घेतली की तो चाकाकडून आत उतरता होतो, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं. खाली बसवलेली गाडी मग जास्तच झुकू बघते, आणि ते थांबवायला आणखी कडक स्प्रिंग लागते. हौशी माणसाचं पाकीट रिकामं होतं ते या चक्रात.

टायरचं थोडक्यात सांगतो. १८५/६५ आर १५ ची बाजू १२० मिलिमीटर उंच असते, २१५/४५ आर १७ ची ९७. सस्पेन्शनला हात न लावता हवेची जवळजवळ इंचभर गादी गेली. आणि गतिरोधक? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो १० सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किलोमीटरने ओलांडायचा. आमच्या सोसायटीने डांबराचा हातभर रुंदीचा वरवंटा घालून घेतला आहे. त्यावर कुठलाही शॉकअप उतारा नाही.

शेवटी मी मिस्त्रीकडे परत गेलो. बाजारातले महागडे गॅस शॉकअप आणि स्प्रिंगांचा संच घालावा, अशी मनात तयारी होती. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, पहार घेऊन लोअर आर्मच्या खाली घातली आणि हलकेच उचकलं. 'टक्' झालं. बुशचं रबर फाटून कुरमुऱ्यासारखं सुटत होतं. "साहेब, आधी हे बदला. गाडी इथं वाजतीय." पुढचा शॉकअप काढला तर तेल सुटून त्यावर धुळीचा लेप बसलेला. त्याने दांडा हाताने आत ढकलला. तो मुकाट गेला आणि तिथेच राहिला. मग नवा, कंपनीच्याच मापाचा, खोक्यातून काढून ढकलला. तो जोर लावून आत गेला, आणि सोडल्यावर सावकाश, एका लयीत, स्वतःच बाहेर आला. दोन-तीनदा मी उगाचच ढकलून पाहिला.

बुश, चार शॉकअप, वरची माउंटिंग, अलाइनमेंट. टायरमध्ये माणसांनी भरलेल्या गाडीची हवा मी बारा महिने ठेवत होतो, ती रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणली. मागच्या स्प्रिंगमधली कडी त्याने पेचकसाने उचकटून काढली आणि कागदात गुंडाळून दिली. पुढच्या गणपतीला डिकीतलं सामान निम्मं केलं, मखर टेम्पोने पाठवलं. कड्यांपैकी एक सध्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलेलं आहे. दुसरं आईने कुठेतरी ठेवलंय.