मैद्याचा भाव आणि कोंड्याचं गणित

मन्नाएखेळ्ळीच्या शिवारात तूर, ज्वारी, उडीद. गहू नावापुरताच. तरी सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या या गावात भट्टी लावणारा बेकरीवाला मार्च उजाडला की पंजाब-हरियाणातल्या उन्हाची खबर ठेवतो. कारण त्याचा मैदा तिकडच्या उन्हावर ठरतो.

२०२२ सालचा मार्च आम्हा बेकरीवाल्यांच्या चांगलाच लक्षात आहे. दाणा भरायच्या वेळीच उत्तरेत उष्णतेची लाट आली आणि गहू चिरमटला. त्यात रशिया-युक्रेन युद्धामुळे परदेशी गिऱ्हाईक आपल्या गव्हाकडे वळलेलं. १२ मेला सरकार एक कोटी टन निर्यातीची, परदेशी शिष्टमंडळं पाठवायची भाषा करत होतं. १३ मेच्या रात्री निर्यातबंदी! दलाल फोनवर म्हणायचा, "मालक, सकाळचा भाव संध्याकाळी धरू नका."

बंदी आली म्हणजे मैदा उतरणार, असं गिऱ्हाइकांना वाटलं. पण सरकारी खरेदीच आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाखांवर आली होती. गोदामात माल नसेल तर भाव कोण दाबणार? जानेवारी २०२३च्या अखेरीस सरकारने ३० लाख टन गहू खुल्या बाजारात काढायचं ठरवलं, तेव्हा कुठे बाजार नरमला. माझं स्पष्ट मत आहे, तो गहू दिवाळीआधीच निघायला हवा होता.

गिऱ्हाइकाला न दिसणारी खरी गोष्ट मात्र कोंड्याची. क्विंटलभर गहू दळला की मैदा, रवा, आटा मिळून साधारण पाऊण क्विंटल. उरलेला बहुतेक कोंडा, तो जनावरांच्या खुराकाला जातो. उन्हाळ्यात चारा आटला, कोंड्याला भाव आला, की मिलवाल्याला मैद्यात थोडी सूट परवडते. पाऊस पडून हिरवं गवत झालं की कोंडा पडतो, आणि गहू जागचा न हलता मैदा चढतो. चिरमटलेल्या दाण्यात तर सालच जास्त, मैदा कमी. म्हणून जुने बेकरीवाले मिलला फोन लावला की आधी कोंड्याचा भाव विचारतात.

नव्या गव्हाचा मैदा आला की कारागीर कुरकुरतो. पाणी वेगळं घेतो, पीठ हवं तसं ताणत नाही. जुन्यात मिसळून चालवावा लागतो. एवढं करून चहाच्या टपरीवाल्याला पावाचा दर वाढवलेला चालत नाही, सुट्ट्या पैशांची अडचण. मग तराजूवर गोळा दोन-तीन ग्रॅमनी हलका होतो. सकाळी पाव हातात घेताच टपरीवाला विचारतो, "काय मालक, मैदा चढला वाटतं?"