इंजेक्शन काढून कार्बोरेटर: अडचण ठिणगीची

बंगळुरूनजीकच्या आनेकल तालुक्यात जिगणी, बोम्मसंद्रा येथे कामावर जाणाऱ्याची इंजेक्शनची मोटारसायकल पेट्रोलपंपाच्या बिघाडाने अडली, की कार्बोरेटर बसवण्याचा विचार पुढे येतो. कार्बोरेटरला असा पंप लागत नाही. टाकीतून उतरलेले पेट्रोल इंजिनच्या ओढीने जेटमधून हवेत मिसळते. मात्र इंजेक्शनच्या गाडीत ठिणगीची वेळही ईसीयूच ठरवते. ते काढल्यास स्वतंत्र सीडीआय व त्याला जुळणारी पिकअप कॉइल हवी. खर्च येथेच वाढतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अनेकदा दोष पंपाच्या तुंबलेल्या जाळीत किंवा कमकुवत बॅटरीत असतो; आधी ते तपासलेले बरे.