मानसोपचारकाची निवड : लिंगाचा प्रश्न व मराठीचे व्याकरण

मानसोपचार घेण्याचे एकदा ठरले म्हणजे उपचारार्थी व्यक्तीपुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांपैकी एक बहुधा उघडपणे विचारला जात नाही. उपचार करणारी व्यक्ती स्त्री असावी की पुरुष? पदवी, अनुभव व शुल्क यांची चौकशी करताना कोणास फारसा संकोच वाटत नाही. ही चौकशी मात्र मनातच राहते. वस्तुतः या प्रश्नात दोन निरनिराळे प्रश्न मिसळलेले आहेत. उपचारकाच्या लिंगामुळे गुण येण्यात फरक पडतो काय, हा पहिला. आणि त्यामुळे मोकळेपणाने बोलण्यात फरक पडतो काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मानसशास्त्राने बऱ्याच अंशी दिले आहे. दुसऱ्याचा विचार करताना मात्र उपचार ज्या भाषेत चालतो तिच्याकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

मनोविश्लेषणाच्या आरंभकाळातच हा विषय निघाला होता. स्त्रीच्या मनोविकासावरील 1931 च्या निबंधात फ्रॉइडने असे मान्य केले की, मुलीच्या मातेवरील आद्य आसक्तीचा उलगडा यान लांप्ल द ग्रोट व हेलेन डॉइच या स्त्री-विश्लेषकांना अधिक सुलभतेने झाला. कारण त्यांच्या रुग्णांना त्यांच्या ठायी मातेची प्रतिमा पाहणे शक्य होते. 1933-34 मध्ये त्याच्याकडे विश्लेषणासाठी गेलेल्या हिल्डा डूलिटल या कवयित्रीने आपल्या आठवणींत नोंदविले आहे की, रुग्णाच्या मनात आपणास आईचे स्थान मिळावे हे फ्रॉइडला रुचत नसे. म्हणजे उपचारकाचे लिंग केवळ रुग्णालाच जाणवते असे नव्हे. उपचारकालाही ते जाणवते, आणि कधी कधी त्याच्या आड येते.

पुढील काळातील सांख्यिकीय संशोधनाने मात्र या प्रश्नाचे महत्त्व पुष्कळच कमी केले. बोमन व त्यांचे सहकारी यांनी 2001 मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा उपचारक स्त्री असण्याचा वा पुरुष असण्याचा फलितावरील परिणाम नगण्य आढळला. याउलट, दोघांमध्ये निर्माण होणाऱ्या उपचारसंबंधाचा फलिताशी निश्चित संबंध दिसतो. फ्ल्यूकिगर प्रभृतींच्या 2018 च्या विश्लेषणात 295 अभ्यास समाविष्ट होते व हा सहसंबंध सुमारे 0.28 इतका भरला. त्याच वर्षी स्विफ्ट व सहकाऱ्यांनी उपचारार्थींच्या पसंतीचा विचार केला. ज्यांची पसंती डावलली गेली त्यांच्यात उपचार अर्धवट सोडण्याचा संभव लक्षणीय प्रमाणात अधिक होता. ही पसंती केवळ लिंगाविषयीची नव्हती, उपचारपद्धतीविषयीचीही होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही या तिन्ही निष्कर्षांची संगती लागते. लिंग स्वतः बरे करीत नाही. परंतु ज्याला वा जिला विशिष्ट लिंगाच्या व्यक्तीपुढे बोलताच येत नाही, त्याची ती अडचण डावलणे उपचाराच्या मुळावर येते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या पुष्कळ स्त्रिया स्त्री-उपचारक मागतात, यात नवल नाही. बालपणी पुरुषाकडून असा अत्याचार झालेला पुरुषही तीच मागणी करू शकतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

परंतु हे संशोधन बहुतांशी इंग्रजी भाषकांच्या उपचारांवर आधारलेले आहे, आणि इंग्रजीतील प्रथमपुरुषी वा द्वितीयपुरुषी वाक्यात बोलणाऱ्याचे वा ऐकणाऱ्याचे लिंग क्रियापदावरून कळत नाही. मराठीची गोष्ट निराळी आहे. 'मी घाबरलो' किंवा 'मी घाबरले', 'मी रडतो' किंवा 'मी रडते' यांतून एकाची निवड केल्यावाचून वाक्य पुरेच होत नाही. ऐकणाराही 'मी ऐकतो आहे' वा 'मी ऐकते आहे' असेच म्हणणार. तासाभराच्या संभाषणात उभयतांचे लिंग कितीतरी वेळा उच्चारले जाते. (व्याकरणातील लिंग व माणसाचे लिंग यांना मराठीत एकच शब्द आहे, ही सोय म्हणावी की गैरसोय, हे ठरविणे कठीण.)

तथापि मराठी हे लिंग सर्वत्र सारखे उघड करीत नाही. 'मला भीती वाटते', 'मला रडू येते', 'माझे मन कशात लागत नाही' या वाक्यांत बोलणाऱ्याचे लिंग नाही. येथे कर्ता भीती आहे, रडू आहे, मन आहे. 'मी सगळे सोसले', 'मी कोणाला सांगितले नाही' या कर्मणी वा भावे प्रयोगांतही ते लोपते. 'मी उद्या सांगेन' या भविष्यकाळातही नाही. 'मी गप्प बसले', 'मी घर सोडून निघालो' असे कर्तरी प्रयोगातील वर्तन आले की ते परत येते. उपचारकाच्या खोलीत वेदनेची भाषा पुष्कळशी लिंगरहित असते, असे म्हणण्यास यामुळे जागा आहे.

द्वितीयपुरुषात निवड उपचारकाच्या हाती येते. 'तू घाबरलास' व 'तू घाबरलीस' यांतील भेद 'तुम्ही घाबरलात' या रूपात मिटतो. मात्र 'तुम्ही घरी एकटे असता का?' की 'एकट्या असता का?' असे विचारताना विशेषण तो पुन्हा उघड करते. संबोधनाने तर लिंगाचे नात्यात रूपांतर होते. 'डॉक्टर' हे पद आहे. 'ताई', 'काका', 'मावशी' ही नाती आहेत, आणि नात्याबरोबर वडीलकी, आज्ञाधारकता व लाजही येते. भारतीय रुग्ण उपचारकाकडे पुष्कळदा गुरूच्या अपेक्षेने पाहतो, असे जे. एस. नेकी यांनी 1973 मध्ये गुरु-चेला संबंधावरील लेखात प्रतिपादिले होते. 'ताई' म्हटल्यामुळे एखादीची जीभ सैल होईल. दुसरीला मात्र नवऱ्याविषयीची तीच गोष्ट ताईपुढे काढणे अशक्य होईल.

व्याकरणावरून मन वाचण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. कोल्हापूरकडील अनेक स्त्रिया सहज 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. पुण्यात शिकलेल्या उपचारकाने त्यातून स्वतःच्या स्त्रीत्वाचा नकार ऐकला, तर तो बोलीला रोग समजेल. उलटपक्षी, घरात आजवर 'गेलो' म्हणत आलेली पारलिंगी व्यक्ती उपचारकापुढे प्रथमच 'मी गेले' म्हणते, तेव्हा त्या एका प्रत्ययात पुष्कळ काही पणाला लागलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला; पण उपचारक पुढच्याच वाक्यात 'मग तू काय केलेस?' असे विचारतो की 'मग तू कुठे गेलास?' असे, यावर ती व्यक्ती पुढल्या भेटीस येईल की नाही हे अवलंबून राहू शकते. पहिला प्रश्न कोणतेच लिंग लादत नाही. 'तुम्ही' वापरूनही वेळ निभावते, पण बोलणाऱ्याने केलेल्या निवडीला उत्तर मिळत नाही.

मोठ्या शहराबाहेर उपचारक निवडण्याची मुभा थोड्यांनाच असते. तालुक्याच्या गावी एकही नसतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एखादाच भेटला तर तो स्त्री की पुरुष हा विचार निरर्थक ठरतो. ऑक्टोबर 2022 पासून चालू झालेल्या टेलि-मानस या दूरध्वनी सेवेवर (14416) मराठीतून बोलता येते, एवढी सोय झाली आहे. जेथे निवड आहे तेथे शिक्षण, संबंधित अडचणीचा अनुभव आणि पहिल्या दोन-तीन भेटींत वाटलेला विश्वास यांना लिंगापेक्षा अधिक वजन द्यावे. संकोच मात्र लपवू नये. जेथे निवड नाही, तेथे संबोधन तरी ठरविता येते. उपचारकाने पहिल्याच भेटीत 'तुम्हाला काय म्हणू, तू की तुम्ही?' आणि 'मला काय म्हणाल?' असे विचारण्यास अर्धा मिनिट पुरतो. नोंदपत्रकात स्त्री, पुरुष व इतर असे रकाने असतात. या दोन उत्तरांसाठी एक ओळ तेथे सहज मावेल.