पेनिशची तारली आणि गोव्याची चिंता

जून महिन्याच्या मध्याला पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावरील पेनिश नावाच्या गावी एका खानावळीच्या अंगणात आम्ही बसलो होतो. लिस्बनच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर हे मच्छीमारांचे गाव आहे. मांडीला मांडी लावून बसलेली मंडळी सगळी गोमंतकीय. समोर निखाऱ्यावर तारल्या भाजल्या जात होत्या आणि प्रत्येकाच्या हातातील दूरध्वनीवर त्या दिवशीचा गोवा उघडा होता. म्हापशात झाड कोसळून वीज गेली होती, पणजीत नेहमीच्या ठिकाणी नेहमीसारखे पाणी तुंबले होते आणि डिचोली तालुक्यातील एका ग्रामसभेत शेतजमिनीच्या बुजवणीवरून हातघाईवर येण्याइतके भांडण झाले होते. तारलीचा पहिला घास घेण्यापूर्वीच एकाने निकाल देऊन टाकला, ‘गोंय सोंपलें!’

हे वाक्य आम्ही घरी रोज ऐकतो. तिंट्यावर, बसस्टँडवर, देवळाच्या चौकात, चहाच्या टेबलावर ते ऐकल्यावाचून दिवस मावळत नाही. परंतु सात समुद्रांपलीकडे ताटावर बसून ते ऐकताना त्याचा स्वाद काही वेगळाच लागतो, हे कबूल केले पाहिजे.

आधी त्या ताटाविषयी लिहितो, कारण आमचा वाचक मत्स्याहारी आहे आणि जूनमध्ये हा मजकूर वाचताना त्याच्या ताटात बहुधा सुके बांगडे असतात. पोर्तुगीज माणूस तारलीला सार्दिन्या म्हणतो आणि तिच्यावर जीव टाकतो. जून ते ऑक्टोबर ह्या काळात तिच्या अंगी चरबी धरते. १२ जूनच्या रात्री, म्हणजे संत आंतोनीच्या उत्सवाच्या पूर्वसंध्येला, लिस्बनच्या आल्फामा भागातील गल्लीबोळांतून चुली पेटतात आणि अख्खे शहर धुराने माखून जाते. करण्याची रीत इतकी साधी की आपल्या घरच्या बायका नाक मुरडतील. खवले काढायचे नाहीत, पोट साफ करायचे नाही. जाड मीठ लावून अख्खा मासा निखाऱ्यावर ठेवायचा. हळद नाही, आमसूल नाही, तिरफळ तर नाहीच. पावाच्या जाड तुकड्यावर तो मासा ठेवायचा, म्हणजे गळणारी चरबी पाव शोषून घेतो, आणि शेवटी तो पाव खायचा. सोबत उकडलेले बटाटे आणि भाजलेल्या भोपळी मिरचीची कोशिंबीर. पहिल्या घासाला आम्हांला वाटले, हे अर्धवट शिजवलेले काम आहे. तिसऱ्या घासाला मत बदलले. ज्यांनी आपल्याला मिरची आणून दिली त्यांनी स्वतः मात्र ती बेताने खाल्ली, हा इतिहासाचा एक विनोदच. आमच्या पंक्तीतील एका बाईंनी मात्र पिशवीतून मिस्कुटाची बाटली काढली आणि ती हातोहात फिरली. त्या साष्टीच्या, लिस्बनमध्ये वृद्धांची शुश्रूषा करतात. दर उन्हाळ्यात सुट्टीचे दोन दिवस त्या अशा किनाऱ्यावर घालवतात, बाटलीसह.

ताटावर बसून गावच्या बातम्यांवर भाष्य करणे ही परदेशस्थ माणसाची जुनी खोड आहे. तिला हसावे असे प्रथम वाटले होते. पण पेनिशमध्ये हसू आवरते घ्यावे लागले, कारण त्या खानावळीतून थोडे चालत गेले की किल्ला लागतो. सालाझारच्या राजवटीत हा किल्ला राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. २७ एप्रिल १९७४ रोजी, क्रांतीनंतर दोनच दिवसांनी, तेथील कैदी सुटले. बरोबर पन्नास वर्षांनी, २७ एप्रिल २०२४ रोजी, त्याच वास्तूत प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले. ह्याच किल्ल्यात डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना ठेवले होते. १८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेनंतर पेटलेल्या चळवळीत त्यांना पकडले, लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि जहाजाने इकडे पाठवले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, जुझे इनासियो लॉयोला हेही हद्दपार होऊन पोर्तुगालातच आले. समुद्राच्या लाटा भिंतीवर आदळत असताना चांदरचा तो माणूस गोव्याविषयी काय विचार करीत असेल, ह्याची कल्पना करीत आम्ही तटावर बराच वेळ उभे होतो. सुटकेनंतर १९५३ मध्ये त्यांनी पोर्तुगालातून निसटून पॅरिस गाठले आणि तेथून मुंबई.

तेव्हा दुरून केलेले भाष्य फुकाचे असते, असे म्हणण्याचा अधिकार गोमंतकीयाला तरी नाही. गोव्यात छापखान्याचे तोंड बांधलेले होते त्या काळात गोव्याविषयी बोलले गेले ते मुंबईत, बेळगावात, सावंतवाडीत. आपल्या मुक्तिसंग्रामाचा मोठा हिस्सा घराबाहेरच्या गोमंतकीयांनी उभा केला. फरक एवढाच की त्या भाष्याची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागे.

कुन्हांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या राष्ट्रीयत्वाच्या लोपावर जी पुस्तिका लिहिली, तिची आठवण ह्या पंक्तीत येणे अपरिहार्य होते. बसलेल्यांपैकी चौघांकडे पोर्तुगीज पारपत्र होते. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालने नागरिकत्वाचे दार उघडे ठेवले आणि हजारोंनी त्यातून पाऊल टाकले. पुष्कळसे लिस्बनला न थांबता इंग्लंडमधील स्विंडनसारख्या गावी गोदामांत कामाला लागले. भारतीय कायदा दोन नागरिकत्वे मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसरे स्वेच्छेने घेतले की पहिले गेले. ह्यावर आमच्या वृत्तपत्रात तावातावाने लिहिले गेले आहे. ‘ज्यांच्याविरुद्ध लढलो त्यांच्याच दारी?’ हा प्रश्न आम्हीही विचारला आहे. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहून तो विचारणे तितकेसे सोपे नाही.

ज्यांनी ‘गोंय सोंपलें’ म्हटले ते गृहस्थ डिचोलीकडचे. नाव न घेण्याच्या अटीवर त्यांनी लिहिण्यास मोकळीक दिली आहे. त्यांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तो दारात उभा राहिला. पुढे पुन्हा थोडा चालला. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर कायमचाच थांबला. न्यायालयाने चूक केली असे ते म्हणत नाहीत. ‘डोंगर पोखरले ते आम्हीच पाहिले, भाई,’ असे ते स्वतःच म्हणाले. परंतु बँकेचा हप्ता डोंगराकडे पाहत नाही. वडिलांचा जन्म १९६१ पूर्वीचा होता, कागदपत्रे झाली, आता ते लिस्बनमध्ये एका उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात भांडी आणि भाज्या सांभाळतात. शिगम्याला आणि गावच्या जत्रेला रजा मिळत नाही, पालखीचे चित्रण दूरध्वनीवर पाहतात आणि पाहताना पायांतील वहाणा काढून ठेवतात. हे सांगताना ते स्वतःच थोडे हसले.

ग्रामसभेतील भांडणाची बातमी त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवली होती. शेते बुजवणारे दलाल, गप्प बसणारे पंच, दिल्लीहून येणारा पैसा, झोन बदलून देणारे राज्यकर्ते, सगळ्यांचा त्यांनी उद्धार केला; बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आम्हीही डोलावली. नगरनियोजन कायद्याच्या १७ (२) ह्या पोटकलमाखाली झालेल्या जमिनींच्या रूपांतराचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द ठरवले, ही माहिती त्यांना आमच्यापेक्षा तपशीलवार होती. मग साष्टीच्या त्या बाईंनी, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, सहज विचारले, ‘हे शेत तुमच्याच वाड्यावरचे ना?’

ते त्यांचेच होते. म्हणजे पाव हिस्सा त्यांचा, उरलेला भावांचा आणि चुलत्याचा. कुलमुखत्यारपत्र त्यांनी वर्षभरापूर्वीच सही करून पाठवले होते. काही वेळ कोणी काही बोलले नाही. मग ते म्हणाले, ‘ट्रकाचे कर्ज कोण फेडणार होते? शेत पिकवायला तिथे आहे कोण? भाऊ सरकारी नोकरीत, चुलता सत्तरीचा. मी नाही म्हटले असते तरी तिघांनी विकलेच असते.’ प्रत्येक वाक्य खरे होते. दुसऱ्या ताटात तारल्या आल्या आणि विषय तिकडे वळला.

तारल्यांकडे वळलेला हा विषय मात्र जमिनीपासून फार लांब गेला नाही. खानावळ चालवणाऱ्या वयस्कर बाई मच्छीमाराच्या घरच्या. आमच्यातील एकाने दुभाष्याचे काम केले आणि त्यांनी सांगितले की मधल्या काही वर्षांत ह्या अंगणात सणाला गावची तारली मिळेना. ती गोष्ट अशी. पोर्तुगाल व स्पेनच्या किनाऱ्यावरील तारलीचा साठा इतका घटला की शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०१४ मध्ये हातचे गेले. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने पुढील वर्षी एकही तारली धरू नये, असा सल्ला दिला. सरकारांनी तो सल्ला पूर्ण मानला नाही, पण कोटा अगदी आवळला. महिनोन् महिने होड्या धक्क्याला बांधून राहिल्या. मच्छीमार संतापले, सणाला बाहेरून गोठवलेला मासा आणावा लागला. काही वर्षांत साठा सावरला आणि २०२५ मध्ये प्रमाणपत्र परत मिळाले. बाईंचा नवरा त्या काळात सरकारला रोज शिव्या घालीत असे. पण जाळे मात्र त्याने ठरलेल्या दिवसाआधी पाण्यात टाकले नाही. टाकले असते तर बंदरावर सगळ्यांना कळले असते, असे त्या म्हणाल्या.

आपल्या समुद्राची कथा वेगळी नाही, फक्त तिचा उत्तरार्ध वेगळा आहे. तारलीच्या बाबतीत केरळचे आकडे सर्वांत बोलके आहेत: २०१२ मध्ये सुमारे चार लक्ष टन, आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली. समुद्राचे वाढते तापमान हे एक कारण. बेसुमार मासेमारी आणि फिशमीलच्या कारखान्यांसाठी पिल्ले उपसणे हे दुसरे. केरळने तारलीची किमान लांबी दहा सेंटिमीटर ठरवून दिली. गोव्यात कायदा नाही असे नाही. १९७० च्या दशकात रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध दीर्घ लढा दिला. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून धरण्यास केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. १ जून ते ३१ जुलै ह्या ६१ दिवसांत ट्रॉलर बांधून ठेवण्याचा नियम आहे. तरीही रात्री किनाऱ्यावर उभे राहिले की क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, आणि ती कोणाची हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक असते. पेनिशच्या बाईंचे वाक्य आम्हांला येथे आठवते आणि बोचते.

एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. ज्या आठवड्यात आम्ही ह्याच पानावर शेतजमिनींच्या रूपांतरावर कडक अग्रलेख लिहिला, त्याच आठवड्यात आमच्या पहिल्या पानाच्या तळाशी ‘भातशेतीच्या कुशीत’ बांधलेल्या बंगल्यांची जाहिरात होती. जाहिरात विभाग वेगळा आणि संपादकीय विभाग वेगळा, हे उत्तर आमच्यापाशी तयार असते. डिचोलीच्या गृहस्थांचे कर्ज आणि आमचा कागदाचा खर्च ह्यांत नैतिकदृष्ट्या किती अंतर आहे, ते वाचकांनी ठरवावे. आम्ही त्या अंगणात त्यांना काही बोललो नाही, त्याचे कारण सभ्यता एवढेच नव्हते.

परत निघताना बिल वाटून दिले. साष्टीच्या बाईंनी मिस्कुटाची उरलेली बाटली खानावळवालीला देऊन टाकली. तिने ती हुंगली, शिंकली आणि फडताळात ठेवली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लिस्बनहून एक पत्र आले. डिचोलीच्या गृहस्थांचे. शेते बुजवण्याविरुद्ध असे मुद्देसूद पत्र आमच्याकडे पुष्कळ दिवसांत आले नव्हते. पाण्याचा निचरा कोठून कोठे होतो, कोणती पोय बंद झाल्याने कोणाच्या अंगणात पाणी शिरेल, हे सारे त्यात आहे. असे पत्र ते शेत लहानपणापासून तुडवलेला माणूसच लिहू शकतो. खाली विनंती आहे की नाव न छापता ‘एक गोमंतकीय, लिस्बन’ एवढेच लिहावे. पत्र अजून आमच्या टेबलावर आहे.

पत्राच्या अगदी शेवटी, छापण्यासाठी नसलेली एक ओळ आहे. बंदी उठली असेल, तारल्या काय दराने मिळतात, असे त्यांनी विचारले आहे. परवा बाजारात गेलो होतो. वाटे मांडलेले होते. एका वाट्यात पंधरा-वीस तारल्या होत्या, सगळ्या बोटभर लांबीच्या, आणि अकरा वाजेपर्यंत त्यातला एकही वाटा उरला नव्हता. आमच्या पिशवीत दोन होते.