बुरशी आजारी पडली, पेढे वाटा!

बुरशीला रोग लावणारे विषाणू म्हणजे शेतकऱ्याचे नवे मित्र, विषारी फवाऱ्यांना पर्याय, युरोपातल्या चेस्टनटच्या जंगलांचे तारणहार. ही अधिकृत कथा आता बहुतेकांना पाठ आहे. परिषदेच्या व्यासपीठावर ती सुबक आलेखांसह सांगतात. बाहेर चहाच्या कपाबरोबर जी ऐकायला मिळते, ती जरा वेगळी असते. तिच्यात नायक भलत्याच दारातून येतो आणि टाळ्या सहसा दुसऱ्यालाच मिळतात.

पहिली एंट्री तर खलनायक म्हणूनच झाली. १९४८ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या ला फ्रान्स बंधूंच्या शेडमधली मशरूम बिघडली. देठ लांबट आणि वाकडे, टोप्या इवल्याशा, उत्पन्न घसरलेलं. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये होलिंग्ज यांनी अशाच रोगट मशरूममध्ये विषाणूचे कण दाखवले आणि संशोधनाची एक नवी शाखाच उभी राहिली. ला फ्रान्स बंधूंच्या वाट्याला काय आलं? रोगाला त्यांचं आडनाव चिकटलं, ते आजतागायत. (घराण्याचं नाव काढणं म्हणतात ते हेच.)

दुसरा किस्सा त्याहून रंगतदार. रिचर्ड शोप हे डुकरांच्या फ्लूचा विषाणू शोधून आधीच नावारूपाला आलेले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या कामगिरीवर ग्वाम बेटावर असताना, पत्नी हेलन यांच्या फोटोच्या पारदर्शक आवरणावर त्यांना बुरशी दिसली. दुसरा एखादा नवरा फोटो पुसून मोकळा झाला असता. यांनी ती बुरशी वाढवली. तिचा अर्क उंदरांना विषाणूंपासून वाचवतो असं दिसल्यावर त्याचं नाव ठेवलं ‘हेलेनीन’. तिकडे एली लिली कंपनीकडे दुसऱ्या बुरशीपासून काढलेला, तशाच गुणाचा ‘स्टॅटोलॉन’ होता. बुरशीतलं हे गुणकारी द्रव्य नेमकं कोणतं, याचा शोध बरीच वर्षं चालला. १९६७-६८ च्या सुमारास उलगडा झाला तेव्हा बुरशीचं श्रेय गेलंच. तिच्यात दडून बसलेल्या विषाणूचा दुपदरी आरएनए शरीराला इंटरफेरॉन हे विषाणूरोधक प्रथिन बनवायला लावत होता. थोडक्यात, पत्नीचं नाव सन्मानाने दिलं ते एका विषाणूच्या करामतीला!

हा उलगडा करणाऱ्यांत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधला एक चमूही होता, आणि त्यात पेनिसिलिनसाठी नोबेल मिळवलेले अर्न्स्ट चेन होते. मग पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीकडेही सूक्ष्मदर्शक वळला. तिथेही विषाणू! जगाचे आजार बरे करणारी बुरशी स्वतःच बाधित होती, आणि तिच्या कामात मात्र खंड नव्हता.

आता चेस्टनट. १९०४ मध्ये न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात झाडांवर दिसलेल्या बुरशीजन्य करप्याने पुढच्या अर्धशतकात अमेरिकेतली अब्जावधी झाडं संपवली. १९३८ मध्ये तो इटलीत जिनोव्हाजवळ पोहोचला. सगळे जंगलाच्या मरणाची वाट पाहत असताना १९५१ मध्ये बिराघी यांनी नोंदवलं, की काही झाडांवरचे व्रण भरून येत आहेत. साहजिकच कौतुक झाडांच्या चिवटपणाचं. पुढे १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या ग्रांत यांनी त्या व्रणांतली बुरशी बशीत वाढवली. नेहमीच्या केशरी रंगाऐवजी ती पांढरीफटक आणि मरगळलेली निघाली. झाडं धडधाकट झालीच नव्हती, मारेकरी बुरशीच एका विषाणूने आजारी पडली होती.

अमेरिकेने मग हे ‘आजारपण’ रीतसर आयात केलं. १९७२ मध्ये फ्रान्सहून बुरशीचे नमुने कनेटिकटच्या कृषी संशोधन केंद्रात आले. जिथे लावले तिथले व्रण भरले, पण जंगलात पुढे पसरायचं नाव नाही. मेख अशी, की हा विषाणू एका बुरशीतून दुसरीत जातो तो दोघींचे तंतू एकजीव झाले तरच, आणि बुरशी आधी पत्रिका पाहते. जुळली नाही तर सांध्यावरच्या पेशी मरतात आणि विषाणूची वाट बंद होते. युरोपात बुरशीचे असे एकमेकांशी न जुळणारे गट कमी, अमेरिकेत भरमसाट. एवढा खटाटोप चालू असताना मिशिगनमधली काही झाडं आपसूक सावरत होती. तिथे भलताच एक स्थानिक विषाणू काम करत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, की त्याच्यासाठी अनुदानाचा अर्ज केला नव्हता.

तरी शंकेखोरांचा एक प्रश्न शिल्लक होता. चेस्टनटच्या बुरशीतल्या या विषाणूला कवचच नाही, म्हणजे वेगळा काढून टोचायला कणही नाही. मग बुरशी त्याच्यामुळेच आजारी पडते हे सिद्ध कसं करायचं? १९९२ मध्ये चोई आणि नस यांनी विषाणूच्या संपूर्ण जनुकसंचाची प्रत निरोगी बुरशीत घातली. ती दुबळी पडली. धडधाकट जिवाला रोग लावल्याबद्दल वाहवा मिळण्याचे प्रसंग विज्ञानात तसे विरळच. पत्रिकेचा तिढाही नस यांनी सोडला नाही. २०१६ मध्ये त्यांनी झँग यांच्यासह नकार देणारी जनुकंच निकामी केलेली बुरशी तयार केली, जी कोणत्याही गटाला विषाणू देऊ शकते.

दरम्यान चीनने नियमच मोडला. बुरशीचे विषाणू बहुधा आरएनएचे, आणि बाहेरून थेट शिरत नाहीत, असं सगळे शिकवत होते. २०१० मध्ये वुहानच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी मोहरीवर्गीय पिकांना कुजवणाऱ्या स्क्लेरोटिनिया बुरशीत चक्क डीएनएचा विषाणू दाखवला, जो बाहेरूनही शिरतो. २०१६ मध्ये त्याचं वाहनही सापडलं: बुरशी खाणारी एक चिमुकली माशी. हा विषाणू तिच्या शरीरात वाढतो, तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, वर तिची प्रजाही वाढवतो. गंमत म्हणजे मशरूमवाले याच माशीचा नायनाट करण्यासाठी पैसे मोजतात.

शेवटचा किस्सा निवडसमितीचा. प्रयोगशाळेत चेस्टनटच्या बुरशीला सर्वांत लुळं करणारा फ्रेंच विषाणू हुकमी एक्का वाटत होता. जंगलात तो मागे पडला, कारण अतिआजारी बुरशी बीजाणूच फारसे बनवत नाही. मग विषाणूला पुढे नेणार कोण? त्या मानाने सौम्य असलेला इटालियन विषाणू बुरशीला अर्धवट हिंडती ठेवतो, म्हणून पसरण्यात सरस ठरतो. मारेकऱ्याला संपवण्याची घाई न करणारा विषाणूच जंगल वाचवतो, पण अनुदानाच्या अर्जात हे लिहायचं कसं, यावर चहा संपेपर्यंत एकमत होत नाही.